उभ्या लाकडाचा हिशेब

जुलै २०२०मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि युरोपातल्या वनविषयक संस्थांमध्ये खळबळ उडाली. इटलीत इस्प्रा येथे युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या प्रतिमा तपासून निष्कर्ष काढला होता की, युरोपीय संघाच्या २६ देशांत २०११ ते २०१५च्या तुलनेत २०१६ ते २०१८ या काळात तोड झालेले वनक्षेत्र ४९ टक्क्यांनी वाढले, आणि तोडीमुळे गमावलेला जैवभार ६९ टक्क्यांनी. या वाढीत सर्वांत मोठा वाटा स्वीडन आणि फिनलंड यांचा होता. वाढत्या लाकूडबाजाराकडे निबंधात बोट दाखवले होते. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, पर्यावरण संघटनांनी जाब विचारला.

या दोन्ही देशांत दर वर्षी माणसे जंगलात जाऊन ठरलेल्या जागी ठरलेली झाडे मोजतात. त्यांच्या वह्यांत अशी उडी कुठेच दिसत नव्हती. तोड थोडीफार वाढली होती, हे कोणी नाकारले नाही. प्रश्न निम्म्याने वाढल्याचा होता. पुढे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या संशोधकांनी फिनलंड-स्वीडनमधल्या १,२०,०००हून अधिक नमुना-भूखंडांच्या नोंदी त्याच उपग्रह-नकाशावर ठेवून पाहिल्या. २०२२मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०१५नंतर बदलली होती ती नकाशाची नजर. नवा उपग्रह आणि सुधारलेली गणनपद्धत यांमुळे आधी न दिसणारी तोड, विशेषतः विरळणी, आता दिसू लागली होती. त्या वाढलेल्या दृष्टीलाच वाढलेली तोड समजले गेले.

हा वाद मी प्रस्तावनेच्या आरंभी मांडतो आहे, कारण या पुस्तकाचा विषय त्यात पुरता सामावला आहे. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ प्रामाणिक होते, दोघांकडे खरी सामग्री होती. एका बाजूकडे साऱ्या खंडाचे एकसंध चित्र होते, पण जमिनीचा आधार तोकडा. दुसऱ्या बाजूकडे जमीन पक्की होती, पण प्रत्येक देशाची आपापली. 'युरोपच्या जंगलात यंदा किती लाकूड उभे आहे आणि किती गेले' हा साधा प्रश्न विचारला, तर सर्वांना मान्य होईल असे उत्तर द्यायला कुणीच तयार नव्हते. अनेक देशांच्या वननोंदी एकमेकींशी जुळवून घेण्याचे काम त्या उत्तरासाठी चालते. बाहेरून ते रुक्ष दिसते. माझ्या मते मात्र येत्या काही दशकांत जंगलांचे काय होईल, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरणार आहे.

त्याचे कारण जैव-अर्थव्यवस्थेत आहे. खनिज तेल आणि कोळसा यांच्यावर उभा असलेला व्यवहार झाडे, पिके, शैवाल अशा पुन्हा उगवणाऱ्या गोष्टींवर न्यायचा, ही तिची मूळ कल्पना. युरोपीय संघाने त्यासाठी २०१२मध्ये धोरण जाहीर केले आणि २०१८मध्ये ते नव्याने मांडले. त्यात जंगलाकडून अपेक्षा फार. सिमेंट-पोलादाऐवजी इमारती लाकूड हवे. नॉर्वेत ब्रुमुन्डाल येथे २०१९मध्ये पुरी झालेली ८५.४ मीटर उंचीची लाकडी इमारत या विचाराचा नमुना म्हणून दाखवली जाते. कापसाऐवजी लाकडाच्या लगद्यापासून धागा हवा, प्लास्टिकऐवजी पुठ्ठा हवा, वीजघरांत कोळशाऐवजी लाकडाच्या गोळ्या हव्यात. पण त्याच जंगलाने हवेतला कर्बही शोषून धरायचा आहे: २०२३च्या सुधारित नियमानुसार जमीन आणि वने यांनी मिळून २०३०पर्यंत वर्षाला ३१ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब शोषावा, असे संघाचे लक्ष्य आहे. शिवाय पक्षी, किडे, बुरशी यांच्यासाठी जुनी आणि मेलेली झाडेही जागच्या जागी राहिली पाहिजेत. एकच झाड तीन-चार जणांना कबूल केलेले आहे. अशा वेळी हिशेब कच्चा असेल, तर ते प्रत्येकाला देता येईल असे कागदावर दाखवणे अगदी सोपे असते.

हिशेब मुळात कुणी मांडलाच नव्हता, असेही नाही. सबंध देशाच्या जंगलाची नमुना-पद्धतीने मोजणी नॉर्वेने १९१९मध्ये सुरू केली, फिनलंडने १९२१मध्ये, स्वीडनने १९२३मध्ये. फिनलंडच्या पहिल्या मोजणीचे नेतृत्व युर्यो इल्वेस्सालो यांच्याकडे होते. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या, एकमेकींपासून २६ किलोमीटर अंतरावरच्या सरळ रेषा आखायच्या आणि वाटेत तळे, दलदल, शेत काहीही आले तरी रेषा न सोडता चालत जाऊन नोंदी करायच्या, अशी ती रीत होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या त्या देशाची मिळकत लाकडावर होती, तेव्हा आपल्याजवळ किती लाकूड आहे हे जाणणे ही राज्य चालवण्याची गरजच होती. पुढे फ्रान्सने १९५८मध्ये वनमोजणीची संस्था उभी केली, ऑस्ट्रियाची मोजणी १९६१मध्ये सुरू झाली, स्वित्झर्लंडची १९८३मध्ये, पश्चिम जर्मनीची १९८६मध्ये. ज्याला जो प्रश्न पडला, त्याने त्या प्रश्नाजोगी पद्धत घडवली. कुणाला करवती गिरण्यांसाठी लाकूड किती हे हवे होते, कुणाला आम्लपावसाने जंगल मरते आहे का ही चिंता होती, कुणाला डोंगरउतारावरची दरड आणि हिमलोट थोपवणारी वने जपायची होती.

एखादा भूखंड प्रत्यक्ष कसा मोजतात ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीच्या नकाशावर चार-चार किलोमीटरची जाळी टाकलेली आहे. काही राज्यांत ती याहून दाट आहे. जाळीच्या प्रत्येक गाठीवर १५० मीटर बाजूचा एक चौरस कल्पायचा आणि त्याचा जो कोपरा जंगलात पडेल तिथे जायचे. कोपऱ्याच्या मध्यबिंदूवर जमिनीत धातूची खूण पुरलेली असते. ती वरून दिसत नाही आणि दिसूही नये, कारण मालकाला किंवा वनरक्षकाला 'इथली झाडे मोजली जातात' असे कळले तर त्या जागेला वेगळी वागणूक मिळू लागेल. मोजणीदार धातुशोधक यंत्राने ती खूण हुडकतो, तिच्यावर उभा राहतो आणि स्वतःभोवती फिरत प्रत्येक खोडाकडे ठरावीक रुंदीच्या पट्टीआडून पाहतो. खोड पट्टीहून रुंद दिसले तर ते मोजणीत, अरुंद दिसले तर बाहेर. २० सेंटिमीटर व्यासाचे झाड पाच मीटरच्या आत असले तरच मोजले जाते, ४० सेंटिमीटरचे दहा मीटरपर्यंत चालते. मोजलेले प्रत्येक झाड हेक्टरी चार चौरस मीटर बुंधा-क्षेत्राचे प्रतिनिधी ठरते. ऑस्ट्रियाच्या वाल्टर बिटरलिख यांनी १९४८मध्ये मांडलेली ही युक्ती इतकी सोपी आणि इतकी अचूक आहे की, पहिल्यांदा समजते तेव्हा मन हरखून जाते. मग जमिनीपासून १.३ मीटरवर फीत गुंडाळून व्यास घेतात, काही झाडांची उंची घेतात, जात आणि वय लिहितात. काही वर्षांनी दुसरा मोजणीदार त्याच खुणेवर उभा राहून तीच झाडे पुन्हा मोजतो. वाढ किती झाली, कोणते झाड तोडले गेले, कोणते वाऱ्याने पडले, हे असे कळते.

या मोजणीत सात सेंटिमीटरपेक्षा बारीक झाडे उभ्या साठ्यात धरत नाहीत. ऱ्हाइन ओलांडून बाझेलकडे गेलो की स्वित्झर्लंडची मर्यादा १२ सेंटिमीटर. फ्रान्समध्ये साडेसात. फिनलंडमध्ये १.३ मीटरहून उंच झालेले कोणतेही झाड मोजले जाते, मग ते बोटाएवढे का असेना. खोडाचा शेंडा धरायचा की सात सेंटिमीटर जाडीवर ओंडका संपला असे मानायचे, यातही मतभेद आहेत. बुंध्याचा जमिनीलगतचा तुकडा आणि फांद्या यांचेही तसेच. पूर्वी आपल्याकडे प्रत्येक बाजारपेठेची पायली वेगळी असे आणि धान्याचा भाव सांगताना कुठली पायली हे आधी सांगावे लागे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, पायलीचे प्रमाण एकदा कळले की गुणाकार करून मोकळे होता येई. इथे तसे होत नाही. जुन्या बीचच्या जंगलात १२ सेंटिमीटरखालच्या झाडांचा वाटा नगण्य असतो. आल्प्सच्या दक्षिण उतारावर, तोडलेल्या खुंटांतून फुटून दाट वाढलेल्या चेस्टनटमध्ये तो मोठा असतो. एकच गुणक दोन्हीकडे लावला तर दोन्ही आकडे चुकतात.

'जंगल' कशाला म्हणायचे इथपासूनच वाट फुटते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची व्याख्या आता बहुतेकांना मान्य आहे: किमान अर्धा हेक्टर जागा, पाच मीटरहून उंच होणारी झाडे, दहा टक्क्यांहून अधिक पर्णछत्र आणि मुख्य वापर शेतीचा किंवा वस्तीचा नाही. पण ऑस्ट्रियात ०.०५ हेक्टरचा तुकडाही जंगल ठरतो, मात्र छत्र ३० टक्के लागते. फिनलंडची परंपरा आणखी निराळी. हेक्टरी वर्षाला किमान एक घनमीटर लाकूड वाढू शकेल ती खरी वनजमीन, त्याहून कमी वाढीची ती खुरटी जमीन, असे तिथे जमिनीच्या कसावरून ठरते. लॅपलंडमधल्या हडकुळ्या पाइनचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे हेलसिंकीत एका तऱ्हेने सुटतो आणि अन्न व कृषी संघटनेत दुसऱ्या. जागतिक पातळीवर तर २०००च्या आढाव्यापर्यंत विकसित देशांसाठी २० टक्के छत्र आणि विकसनशील देशांसाठी १० टक्के, असे दोन मापदंड होते. सर्वांना दहा टक्के लागू झाले तेव्हा एकही नवे झाड न लावता ऑस्ट्रेलियाचे वनक्षेत्र कागदावर कित्येक कोटी हेक्टरांनी वाढले.

खुद्द एका देशातही मापे बदलतात. जमिनीवर पडलेल्या लाकडासाठी जर्मनीने २००२मध्ये जाड टोकाला २० सेंटिमीटरची अट ठेवली होती, २०१२मध्ये ती १० सेंटिमीटर केली. नुसते दोन आकडे शेजारी ठेवले तर मृत लाकूड एकदम वाढलेले दिसते, म्हणूनच तिथल्या मोजणीदारांनी जुन्या अटीनेही हिशेब करून ठेवला. ही सवय फार मोलाची आहे आणि पुढच्या साऱ्या कामाचे बीज तिच्यातच आहे.

देशादेशांच्या वनमोजणी संस्थांनी २००३मध्ये एक युरोपीय जाळे उभारले. २००४ ते २००८ या काळात फिनलंडचे एर्की टोम्पो यांच्या पुढाकाराने त्यांनी एकत्र बसून ठरवले की, कोणी आपली पद्धत मोडायची नाही. फक्त सर्वांना मान्य होईल अशी एक संदर्भ-व्याख्या करायची आणि प्रत्येकाने आपल्या आकड्यापासून त्या व्याख्येपर्यंत स्वतः पूल बांधायचा. ज्या देशाने व्याख्येपेक्षा जास्त मोजले आहे त्याने वजाबाकी करायची. त्याला ते सोपे, कारण नोंद त्याच्यापाशीच असते. ज्याने कमी मोजले आहे त्याने न मोजलेल्या भागाचा अंदाज काढायचा: मोठ्या झाडांच्या नोंदींवरून, लहान उपभूखंडांच्या मोजणीवरून किंवा शेजारच्या देशाच्या सामग्रीवरून. आणि जिथे दोन व्याख्या एकमेकींत बसतच नाहीत, तिथे मूळ नोंदींवरून नवा आकडा बांधायचा. २०१५ ते २०१९ या काळात फिनलंडच्या नैसर्गिक साधनसंपत्ती संस्थेच्या नेतृत्वाखाली अनेक देशांनी मिळून हे काम जैव-अर्थव्यवस्थेच्या गरजांपर्यंत नेले. किती लाकूड, कुठे, कोणत्या जातीचे आणि पुढच्या काही दशकांत किती मिळेल, इथपर्यंत.

सगळ्या देशांना एकच पद्धत का नाही लावायची, असे तरुण अभ्यासक विचारतात. माझे मत याविरुद्ध ठाम आहे. फिनलंडची मोजणी शंभर वर्षांची आहे. त्या मालिकेवरूनच आज कळते की, तिथल्या जंगलांत विसाव्या शतकाच्या आरंभापेक्षा आता खूप जास्त लाकूड उभे आहे, आणि अलीकडे त्यांची वाढ मंदावली आहे. नवी एकसारखी पद्धत लादली की जुनी मालिका तुटते, आणि तुटलेली मालिका कितीही पैसे ओतले तरी पुन्हा जोडता येत नाही. झाडाचे आयुष्य पाहता शंभर वर्षे फार नाहीत. एका स्प्रूसच्या लागवडीपासून तोडीपर्यंतचाच तो काळ आहे.

जैव-अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत अवघड पूल बांधायचा आहे तो 'मिळू शकणाऱ्या' लाकडाचा. उभे आहे ते सगळे तोडता येत नाही. आल्प्समध्ये खाली गाव आणि वर तीव्र उतार असेल तर मधले जंगल हिमलोट अडवते. ते तोडले तर लाकूड मिळेल आणि गाव जाईल. संरक्षित क्षेत्रांत बंदी किंवा मर्यादा असते. कुठे उतार इतका की, ओंडका खाली आणायला पडणारा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त. कुठे मालक शहरात राहतो, त्याच्याकडे दोन हेक्टर आहेत आणि त्याला तोड करण्यात रस नाही. युरोपीय संघातले सुमारे ६० टक्के जंगल खाजगी मालकीचे आहे, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. पर्यावरणीय, सामाजिक आणि आर्थिक अडथळ्यांमुळे लाकडाच्या पुरवठ्यावर ठळक परिणाम होत नाही तेवढेच जंगल या सदरात धरायचे, असे आता संस्थांनी ठरवले आहे. पण 'ठळक' म्हणजे किती, हे प्रत्येक देश आपल्या परीने ठरवतो. शिवाय आर्थिक अडथळा भावाबरोबर हलतो. जे जंगल यंदा परवडत नाही ते भाव चढले की परवडू लागते, म्हणजे झाडांना हात न लावता पुरवठ्याचे क्षेत्र वाढते. उद्योगांना आश्वासन देणाऱ्या मंत्रालयांनी हा आकडा वापरताना त्याखालची टीप वाचलीच पाहिजे.

पुरवठ्याच्या दुसऱ्या टोकालाही खाते जुळत नाही. गिरण्या, लगदा-कारखाने, वीजघरे आणि घरातल्या शेगड्या यांनी वापरलेले लाकूड हे नोंदीतल्या तोडीपेक्षा जास्त भरते, असे संयुक्त संशोधन केंद्राने २०२१च्या अहवालात दाखवले. सगळी चोरटी तोड आहे असा याचा अर्थ नाही. शेतकरी आपल्या रानातून आणतो ते सरपण, बांधावरची झाडे, शहरातली छाटणी हे आकडेवारीत येतच नाही. पण जिथे तोडीचा आकडा कमी आणि वाढीचा आकडा पक्का, तिथे जंगल आहे त्याहून धडधाकट दिसते. २०१८पासून जर्मनी आणि चेकियात दुष्काळाने आणि खोडकिड्याने स्प्रूसची वने झपाट्याने गेली, किडके लाकूड सरहद्दी ओलांडून विकले गेले. जर्मनीच्या २०२२च्या मोजणीने सांगितले की, देशाचे जंगल २०१७पासून कर्ब शोषण्याऐवजी सोडते आहे. हे जमिनीवरच्या खुणांवर पुन्हा उभे राहिल्यामुळे कळले.

आकाशातून मोजण्याला माझा विरोध नाही, उलट आस आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने सोडलेल्या 'बायोमास' उपग्रहाचे रडार पाने-फांद्यांतून आत शिरून खोडांपर्यंत पोहोचते. असे साधन आजवर नव्हते. पण रडारचा संकेत टनांत वाचायला जमिनीवरची मोजलेली झाडे लागतात. इथे एक खरा पेच आहे. उपग्रहवाल्यांना भूखंडांचे नेमके अक्षांश-रेखांश हवेत, आणि मोजणी संस्थांना ते देता येत नाहीत: जागा उघड झाली की नमुना नमुना राहत नाही, आणि मालकाला दिलेला शब्दही मोडतो. नकाशा मोजणी संस्थेकडे पाठवायचा, गणित तिथे करायचे आणि फक्त निष्कर्ष बाहेर द्यायचा, ही वाट मला सर्वांत रास्त वाटते.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये, म्हणून थोडे घरचे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्के छत्र असेल तर ते वनाच्छादनात धरते. मालकी, जमिनीचा वापर, झाडाची जात काही पाहत नाही. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आंबा-काजूची बाग आणि सह्याद्रीतले सदाहरित रान एकाच सदरात येऊ शकतात. २०२३च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के दिले आहे. या आकड्याला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण व्याख्या अहवालातच छापलेली असते. पण तो फिनलंडच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर पूल हवा. आपल्याकडे खोडाचा घेर १.३७ मीटरवर घेतात, तेही ध्यानात ठेवावे लागते. पूल बांधण्याची सामग्री मात्र आपल्याजवळ आहे: २०१६पासून आपल्या वनमोजणीनेही पाच-पाच किलोमीटरची जाळी स्वीकारली आहे.

युरोपात हे काम आजवर स्वखुशीने झाले, आणि स्वखुशीच्या मर्यादा दिसू लागल्या तेव्हा आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये वननिरीक्षणाचा कायदा मांडला. ऑक्टोबर २०२५मध्ये युरोपीय संसदेने तो फेटाळला. वने हा सदस्य देशांचा विषय आहे, कागदपत्रांचा भार वाढेल, खाजगी मालकांवर नजर ठेवली जाईल, असे आक्षेप होते. मसुद्यात उपग्रहांवर भर जास्त आणि शंभर वर्षे चालत आलेल्या मोजणीची बूज कमी, ही मोजणीदारांची तक्रार मला पटते. तरीही कायदाच नको, हे मला पटत नाही. संस्थांचे जाळे कायम आहे, संदर्भ-व्याख्या कायम आहेत, पण त्यांना पैसा प्रकल्पापुरता मिळतो आणि प्रकल्प चार वर्षांत संपतो. ३१ कोटी टनांचे लक्ष्य मात्र कायद्यात आहे आणि त्याचा हिशेब प्रत्येक देशाला द्यावाच लागणार आहे. बंधन लक्ष्याला असेल तर मोजणीलाही असले पाहिजे: भूखंडांवर ठरल्या वर्षी माणसे जातील इतका नियमित निधी, व्याख्या बदलल्यास जुन्या मापाने हिशेब देण्याची सक्ती, आणि मालकाचे नाव व जागा गुप्त ठेवून बाकीचे निष्कर्ष सर्वांना खुले. पुढच्या प्रकरणांत हे कसे करता येते याची देशवार उदाहरणे आहेत. त्यांचा क्रम मोजणीदाराच्या फितीपासून सुरू होऊन मंत्रालयाच्या तक्त्यांपर्यंत जातो, आणि वाचकाने तो तसाच धरावा अशी विनंती आहे.